द्राक्ष बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर हंगामात चर्चा का बिघडते, आणि ती कशी सावरायची

गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी होते, फुटवे निघतात आणि ऑक्टोबरच्या शेवटी एक दिवस आभाळ येतं. त्या दिवशी उजाडायच्या आत ग्रुपवर पहिला फोटो पडतो. एकच पान, जरा हललेलं, खाली दोन शब्द: "काय मारू?" चहा होईपर्यंत सात-आठ उत्तरं येतात आणि प्रत्येकात वेगळ्या औषधाचं नाव असतं. छाटणीला किती दिवस झाले, हे कोणीच विचारत नाही. तोवर दुसऱ्याचा फोटो येतो, तिसऱ्याचा येतो, मध्ये सुप्रभाताची चार फुलं येतात आणि पहिला प्रश्न वर सरकून जातो. विचारणारा दुकानात जातो, दुकानदार देईल ते मारतो. पुढे बागेचं काय झालं ते ग्रुपला कळत नाही. आठवड्याने तोच प्रश्न पुन्हा येतो.

निफाडच्या बाजूला असा एक ग्रुप मी काही हंगामांपासून सांभाळतो. दुसऱ्या तालुक्यांतले ॲडमिनही हीच तक्रार घेऊन फोन करतात, म्हणून सगळं एका जागी लिहून काढतो आहे. द्राक्षाऐवजी डाळिंबाचा किंवा टोमॅटोचा ग्रुप असला तरी बरंचसं लागू पडेल.

आधी तपासून घ्या

आपल्या ग्रुपला हाच आजार आहे का, हे पाहायला अर्धा तास पुरतो. मागच्या हंगामात डाऊनीवर, म्हणजे पानावर येणाऱ्या बुरशीच्या रोगावर, झालेली तीन-चार संभाषणं शोधून वाचा. उत्तर देण्याआधी कोणी उलट प्रश्न विचारला का? विचारणारा चार-पाच दिवसांनी परत येऊन काय झालं ते सांगून गेला का? तालुक्यातले तीन-चार जाणकार, ज्यांच्या बागेत लोक पाहायला जातात, ते त्या संभाषणात बोलले का? तिन्हीला 'नाही' आलं, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

बहुतेक ॲडमिन इथे माणसांना दोष देतात. कोणी वाचत नाही, कोणाला शिस्त नाही, असं म्हणतात. मला हे पटत नाही. हीच माणसं शिवारफेरीला येतात तेव्हा पाहा. बांधावर उभं राहिल्यावर औषधाचं नाव आधी कोणीच घेत नाही. पान तोडतात, उलटं करतात, बोटाने पुसून बघतात, "छाटणी कधीची?" विचारतात, ड्रिपकडे बघतात, शेजारच्या ओळीत शिरतात. विचारायचं काय हे त्यांना पक्कं माहीत असतं. फोनवर पान हातात येत नाही, समोर फक्त एक चित्र असतं, आणि चित्राला उत्तर म्हणून नावच सुचतं. बिघाड प्रश्नात आहे, म्हणून दुरुस्तीही तिथूनच सुरू करायची.

प्रश्न पूर्ण करून घ्या

डाऊनीचे तेलकट पिवळे डाग पानाच्या वरच्या बाजूला दिसतात, पण खात्री पटते ती खालच्या बाजूच्या पांढऱ्या लवीवरून, तीही सकाळी दव असताना. भुरीची राखाडी पावडर पानाच्या दोन्ही बाजूंना येते, तिला साचलेलं पाणी लागत नाही, ढगाळ हवा पुरते. मॅग्नेशियम कमी पडलं की जुनी पानं शिरांच्या मधून पिवळी होतात. भर उन्हात गंधक मारलं की कडा जळतात. दुपारच्या उजेडात वरून काढलेल्या एका फोटोत यातलं काहीही दुसऱ्यासारखं दिसू शकतं. औषधाने जळलेल्या पानाला करपा रोग समजून त्यावर आणखी एक फवारणी करायला सांगितलेलं मी ग्रुपवर वाचलं आहे. सांगणारा प्रामाणिकच होता. त्याला दिसलं तेवढंच त्याने सांगितलं.

म्हणून आमच्याकडे प्रश्नासोबत पुढच्या गोष्टी मागतो. छाटणीची तारीख. वाण. मागच्या तीन फवारण्या, तारखेसह. गेल्या दोन दिवसांत पाऊस किंवा दव होतं का. पानाच्या वरच्या आणि खालच्या बाजूचा सकाळचा फोटो, आणि एक फोटो जरा लांबून, ओळ दिसेल असा. माल एक्सपोर्टचा, लोकलचा की बेदाण्याचा.

प्रत्येक गोष्टीमागे कारण आहे आणि ते लोकांना सांगावं लागतं, नाहीतर त्यांना तो सरकारी अर्ज वाटतो. छाटणीच्या तारखेवरून अवस्था कळते. फुलोऱ्यातल्या बागेला जे चालतं ते मण्यात पाणी उतरल्यावर चालत नाही, कारण औषधाचा काढणीपूर्व कालावधी, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायचं अंतर, आडवा येतो. मागच्या फवारण्या कळल्या नाहीत तर त्याच गटातलं औषध पुन्हा पुन्हा मारलं जातं आणि बुरशी त्याला दाद देईनाशी होते. आदल्या दिवशी बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारलंय की जीएचं डिपिंग (घड संजीवकात बुडवणं) झालंय, हे माहीत नसताना दिलेला सल्ला घडाला नडू शकतो. माल एक्सपोर्टचा असेल तर रासायनिक अंशाचा प्रश्न सगळ्यात मोठा. २०१० साली क्लोरमेक्वॉट क्लोराईडचे, म्हणजे आपल्या भाषेत सीसीसी या वाढ रोखणाऱ्या संजीवकाचे अंश सापडले म्हणून युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले होते. तो फटका ज्यांनी सोसला, त्यांना हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही. नव्या पोरांना सांगावा लागतो.

ही यादी ग्रुपच्या माहितीत लिहून ठेवली म्हणजे काम झालं, असं होत नाही. ती माहिती कोणी उघडत नाही. मेसेज वर पिन करता येतो, तीस दिवसांपर्यंत राहतो, त्याचा थोडा उपयोग होतो. खरा उपयोग होतो तो पहिल्या उत्तराचा. अपुरा प्रश्न आला की सगळ्यात आधी पडणारा मेसेज असा हवा: "भाऊ, छाटणीची तारीख आणि पानाच्या खालच्या बाजूचा फोटो टाका, लगेच बघू." त्यात रागावणं नको, नियमाची आठवणही नको. "लगेच बघू" हे शब्द मात्र हवेतच, कारण विचारणारा घाबरलेला असतो. एकराला लाखोंचा खर्च करून बसलेल्या माणसाला नियम वाचून दाखवला की तो पुन्हा ग्रुपवर विचारत नाही, थेट दुकानात जातो.

हे काम एकट्या ॲडमिनच्याने होत नाही. आम्ही चार जणांनी वार वाटून घेतले आहेत. ज्याचा वार त्याने सकाळी आणि संध्याकाळी अपुऱ्या प्रश्नांना हा एक मेसेज टाकायचा, बस. दोन-तीन आठवड्यांत लोक बघून शिकतात आणि मग सभासदच एकमेकांना तारीख विचारू लागतात. तो दिवस आला की अर्धं काम झालं समजा.

ज्यांना टाइप करणं जमत नाही, त्यांच्यासाठी व्हॉइस नोट चालू ठेवा. आमच्या नानांसारखी सत्तरीची माणसं बोलून फार नेमकं सांगतात. फक्त वार असलेल्याने त्यांच्या बोलण्याखाली एक ओळ लिहायची: थॉम्पसन, छाटणी १२ ऑक्टोबर, काल दव, अशी. बाकीचे पंप चालू असताना दोन मिनिटांचा आवाज ऐकत बसत नाहीत.

उत्तर देणाऱ्यांसाठी दोन अटी

पहिली अट: औषधाचं नाव घ्यायचं तर आतला घटक आणि टक्केवारी लिहायची, ब्रँड लिहायचा नाही. 'अमुक गोल्ड मारा' असं चालणार नाही. 'सायमोक्झॅनिल ८ टक्के + मॅन्कोझेब ६४ टक्के' असं लिहा. पुडीवर ते छापलेलंच असतं, बघून लिहायला अर्धं मिनिट लागतं. ग्रुप सुधारण्यासाठी एकच नियम निवडा असं कोणी म्हटलं तर मी हाच निवडेन. दोन उत्तरांत दोन ब्रँड सांगितलेले असतात आणि आतला घटक एकच निघतो, हे लगेच उघडं पडतं. ज्याने तीन दिवसांपूर्वी तेच मारलंय त्याला स्वतःलाच समजतं. आणि कंपनीवरून होणारी भांडणं बंद होतात, कारण भांडायला कंपनीच उरत नाही. घटक कळला की तो राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीत ताडून बघता येतो. पुण्याजवळच्या मांजरी गावातलं हे केंद्र द्राक्षासाठी शिफारस असलेल्या औषधांची यादी काढणीपूर्व कालावधीसह प्रसिद्ध करतं. ती फाइल ग्रुपवर हंगामाच्या सुरुवातीला टाका, जुनी काढून टाका. दोन वर्षांपूर्वीची यादी फिरत राहणं धोक्याचं आहे.

दुसरी अट: हे स्वतःच्या बागेत केलंय की ऐकलंय, ते सांगायचं. ऐकलेलं सांगायला बंदी नाही, त्यातूनही कधी कधी वाट सापडते. पण "मी मागच्या वर्षी माणिक चमन वाणावर छाटणीनंतर पस्तिसाव्या दिवशी मारलं, डाऊनी थांबली" आणि "मारा, मस्त रिझल्ट आहे" ही दोन उत्तरं ग्रुपवर एकाच वजनाची दिसायला नकोत.

दुकानदार आणि कंपन्यांचे प्रतिनिधी यांचं काय, हा प्रश्न सगळीकडे येतो. काही ग्रुप त्यांना सरळ काढून टाकतात. माझं मत वेगळं आहे. त्यांतले बरेच जण स्वतः बागायतदार असतात, रोज पन्नास बागांची पानं बघतात आणि कुठल्या गावात काय चालू आहे ते त्यांना आपल्या आधी कळतं. त्यांनी आपल्या नावापुढे कृषी सेवा केंद्र किंवा कंपनी लिहावं, घटकाचा नियम पाळावा आणि भाव ग्रुपवर सांगू नयेत. एवढं मान्य असेल तर राहू द्यावं. मान्य नसलेले आपणच निघून जातात.

जाणकार गप्प का बसतात

ही अडचण सगळ्यात उशिरा लक्षात येते आणि नुकसान सगळ्यात जास्त करते. ग्रुपवर गोंधळ दिसतो, पण कोण बोलायचं थांबलं ते दिसत नाही.

मी अशा काही जणांच्या घरी जाऊन बसलो आणि विचारलं. कारणं साधी निघाली. सविस्तर लिहिलेल्या उत्तराखाली कोणीतरी एका ओळीत भलतंच सांगतो आणि लोक ती एक ओळ उचलतात. सल्ला लागू पडला तर कोणी कळवत नाही, नाही पडला तर गावभर नाव होतं. आणि एकदा ग्रुपवर उत्तर दिलं की त्या दिवसापासून खासगी फोन सुरू होतात, जेवताना, फवारताना, रात्री दहाला.

यावर दोन गोष्टींचा गुण आला. एक म्हणजे निकाल कळवायची सवय. ज्याने प्रश्न विचारला त्याने पाच-सहा दिवसांनी त्याच मेसेजला रिप्लाय करून लिहायचं: काय मारलं, कधी मारलं, काय झालं. सुरुवातीला वारवाल्याने, म्हणजे ज्याचा वार असेल त्याने, आठवण करायची: "दादा, सोमवारच्या डाऊनीचं काय झालं?" निकाल वाईट असला तरी लिहायचा. सांगणाऱ्याला स्वतःलाही त्यातून कळतं की आपलं कुठे चुकलं, आणि जाणकार माणसाला हेच हवं असतं. आभारापेक्षा निकालाने तो जास्त सुखावतो.

दुसरी म्हणजे वेळ ठरवणं. आठवड्यातून एक संध्याकाळ, तासभर, एक जाणकार ग्रुपवर बसतो. त्याआधी आलेले पूर्ण प्रश्न वारवाला एकत्र करून ठेवतो. एरवी त्यांना टॅग करायचं नाही आणि खासगी फोन करायचा नाही, हे ग्रुपने पाळायचं. फुलोऱ्याच्या दिवसांत एक तास पुरत नाही, तेव्हा दोन संध्याकाळी ठेवतो.

गावाप्रमाणे की छाटणीप्रमाणे

ग्रुप मोठा झाला की बिघडतो, हे खरं आहे. व्हॉट्सॲपने २०२२ मध्ये सभासदांची मर्यादा २५६ वरून ५१२ आणि मग १०२४ केली, आणि ॲडमिन मंडळींनी उत्साहाने माणसं भरली. मग गर्दी झाली म्हणून लोक गावाप्रमाणे ग्रुप फोडतात. द्राक्षात त्याचा फारसा उपयोग नाही, कारण एकाच गावात कोणाची छाटणी सप्टेंबरच्या मध्यावर असते, कोणाची ऑक्टोबरच्या शेवटी.

आम्ही छाटणीच्या पंधरवड्याप्रमाणे ग्रुप केले. एका ग्रुपमध्ये सगळ्यांची बाग साधारण एकाच अवस्थेत असते. एकाच्या पोंग्यावर, म्हणजे फुटणाऱ्या कोंबावर, उडद्या भुंगेरा आला की दुसरा त्याच रात्री बॅटरी घेऊन स्वतःच्या बागेत जातो. विरळणीच्या मजुरांची, डिपिंगच्या मापाची चर्चा सगळ्यांना एकाच आठवड्यात लागते, म्हणून सगळे वाचतात. बागलाण, देवळा, कळवण पट्ट्यातले अर्ली छाटणीवाले पावसाळ्यातच सुरू होतात, त्यांचं हवामान आणि त्यांच्या अडचणी वेगळ्या. त्यांचा सल्ला ऑक्टोबर छाटणीला तसाच उचलला की घोळ होतो, दोन्ही बाजूंची माणसं हुशार असूनही. २०२२ पासून व्हॉट्सॲपवर कम्युनिटी करता येते, त्यात हे ग्रुप एका छताखाली राहतात आणि हवामानाची सूचना सगळ्यांना एकदम जाते.

त्याच छताखाली एक गप्पांचा ग्रुप जरूर ठेवा. शुभेच्छा, लग्नपत्रिका, दहावीचा निकाल, दुःखद बातमी, सगळं तिथे. दुःखद बातमीवर बंदी घालणारे ग्रुप मी पाहिले आहेत, ते मला आवडत नाही. आपण एकमेकांच्या दारात जाणारी माणसं आहोत. फक्त डाऊनीच्या प्रश्नावर पन्नास श्रद्धांजल्या पडल्या की प्रश्न हरवतो, म्हणून जागा वेगळी. राजकारणाला मात्र त्या ग्रुपवरही जागा देऊ नका. निवडणुकीच्या दिवसांत तुटलेले संबंध काढणीपर्यंत जुळत नाहीत, आणि काढणीला एकमेकांची गरज लागते.

फॉरवर्ड, भाव आणि पळालेला व्यापारी

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते ते. अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली आणि २०२० मध्ये फार फिरलेल्या मेसेजसाठी ती एकावर आणली. आपल्या ग्रुपवरचे फॉरवर्ड इतके भयंकर नसतात, पण गारपिटीचा जुना नकाशा नवा म्हणून फिरला की लोक कच्चा माल तोडतात आणि व्यापारी भाव पाडतात. हे नुकसान दरवर्षी होतं.

दोन बाणांची खूण असलेला मेसेज, म्हणजे बऱ्याच वेळा फॉरवर्ड झालेला, वारवाल्याने काढून टाकायचा. २०२२ पासून ॲडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो. हवामान फक्त हवामान खात्याचं, तारीख दिसत असलेलं. भाव सांगायचा तर स्वतःच्या विक्रीचाच: तारीख, गाव, वाण, लोकल की एक्सपोर्ट. "ऐकलं की साठने गेला" असा भाव नको.

पैसे बुडवून गेलेल्या व्यापाऱ्याचा विषय नाजूक आहे. लोकांचं वर्ष बुडालेलं असतं, राग खरा असतो. तरीही नाव, फोटो, गाडीचा नंबर ग्रुपवर टाकू देऊ नका. आधी पोलिसांत लेखी तक्रार, आणि ग्रुपवर "तक्रार दिली आहे, अजून कोणाचे अडकलेत त्यांनी मला फोन करा" एवढंच. यातून फसलेले सगळे एकत्र येतात आणि तक्रारीला वजन येतं. ॲडमिन म्हणून आपण अडकू का, अशी भीती बऱ्याच जणांना वाटते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे की सभासदाच्या आक्षेपार्ह मेसेजसाठी, दोघांचा समान हेतू दिसत नसेल तर, केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणी दोषी ठरत नाही. त्यामुळे घाबरून ग्रुप बंद करू नका. आणि त्या आधारावर डोळेझाकही करू नका.

ज्याने गुण येत नाही

'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील' ही सेटिंग लावली की शांतता होते, पण ती सूचनाफलकाची शांतता. फुलोऱ्यात पाऊस आला त्या रात्रीपुरती लावा, सकाळी उघडा. वीस कलमांची नियमावली कोणी वाचत नाही. न सांगता काढून टाकलेला माणूस दुसऱ्या दिवशी नवा ग्रुप काढतो. त्याच्याशी आधी फोनवर बोला, बहुतेक वेळा तेवढ्याने मिटतं.

तोच प्रश्न दरवर्षी

पुढच्या हंगामात जुनं उत्तर सापडायला हवं असेल तर लिहिण्याची पद्धत एक ठेवा. कोणी 'डाऊनी' लिहितो, कोणी 'डावणी', कोणी इंग्रजीत; शोधलं की तिसरा हिस्साच हाती लागतो. आम्ही निकालाच्या मेसेजची पहिली ओळ ठरवून टाकली आहे: निकाल, रोग, अवस्था, वाण. 'निकाल डाऊनी फुलोरा सोनाका' असं शोधलं की मागचे हंगाम समोर येतात. फोटोंवर विसंबू नका, फोनची मेमरी भरली की लोक ते आधी पुसतात. लिहिलेली ओळ राहते.

एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे काढणीनंतरची छाटणी झाली की ग्रुप शांत होतो. तेव्हा हे निकाल चाळून, ज्यांनी ते लिहिले त्यांना विचारून, अवस्थेप्रमाणे एक फाइल करून ठेवा आणि वार पुन्हा वाटून घ्या. ज्याला पुढच्या हंगामात वेळ नाही त्याला मोकळं करा आणि त्याच्या जागी पंचवीस-तिशीतला, मागच्या वर्षी सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारा एखादा मुलगा घ्या. अपुऱ्या प्रश्नाला काय विचारायचं, हे त्याला चांगलं कळतं.